पडीत ते पोतं

आदिलाबादच्या कापसाला नायट्रोजन कोणत्या रूपात मिळावा, हे गेल्या शंभर वर्षांत कापसाच्या मुळांनी ठरवलेलं नाही. आधी ते जंगल खात्याच्या सीमारेषेनं ठरवलं, मग कारखान्याच्या आणि रेल्वेवाघिणीच्या हिशेबानं, आणि शेवटी खतांचे भाव बांधून देणाऱ्या दिल्लीच्या आदेशांनी. पिकाला काय मानवतं, हा प्रश्न प्रयोगशाळांत विचारला गेला, त्याची उत्तरंही मिळाली. पण इचोड्याच्या शेतात जे पोतं उतरलं ते त्या उत्तरांना धरून उतरलं नाही.

निर्मलचा घाट चढून आदिलाबादकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ४४ वर इचोडा लागतं. जुन्या लोकांच्या तोंडी हा अजून सात नंबरचाच रस्ता आहे. बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू आणि लंबाडी अशा पाच भाषा कानावर पडतात. उत्तरेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे यवतमाळ, वायव्येला किनवट. डोंगरांच्या मधल्या खोऱ्यांत भारी काळी जमीन, वर पठारावर आणि उतारांवर हलकी बरड. खोऱ्यात पऱ्हाटी आणि तूर, माळावर ज्वारी, असा पसारा पूर्वी होता. नायट्रोजनची गोष्ट या दोन जमिनींच्या फरकातूनच सुरू होते.

ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पत्नी बेटीसह मारलावाईला येऊन राहिला. १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडला होता, आणि गोंडांच्या असंतोषाचं मूळ कशात आहे हे हैदराबाद सरकारला समजून घ्यायचं होतं. हायमेनडॉर्फनं देवदेवतांची आणि लग्नविधींची नोंद केलीच, पण शेतीचीही केली. हलक्या जमिनीवर गोंड शेतकरी दोनतीन वर्षं पीक घेई आणि मग ती काही वर्षं पडीत टाकी. खोऱ्यातली भारी जमीन मात्र वर्षानुवर्षं पिकत राही. पुढे याच भागात काम केलेले हैदराबाद सेवेतले अधिकारी आणि इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही गोंडी भाषा शिकून या लोकांवर लिहिलं. सरकारी कागदावर ‘पडीत’ म्हणजे रिकामी जमीन. गोंडाच्या लेखी ती विसाव्याला बसलेली जमीन होती, आणि हा फरक ज्याला कळला त्याला पुढचं सगळं कळतं.

पडीत जमिनीत काय चालतं? गवत वाढतं, झुडपं वाढतात, टाकळ्यासारखी रानटी झाडं पाला ढाळतात, गुरं चरतात आणि शेण टाकतात. हा सगळा नायट्रोजन मातीत साठतो तो सेंद्रिय रूपात, प्रथिनांच्या आणि ह्युमसच्या साखळ्यांत अडकलेला. पिकाचं मूळ तो तसाच फारसा घेऊ शकत नाही. जिवाणू आणि बुरशी त्या साखळ्या तोडतात, मग अमोनियम सुटतं, आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ही उलाढाल सावकाश चालते आणि पावसाच्या पाठोपाठ चालते. माती कोरडी तेव्हा ती थांबते आणि मूळही थांबलेलं असतं. ओल आली की दोन्ही एकदम जागी होतात.

वैशाखात जमीन नांगरून उन्हात तापू द्यायची, ढेकळं फुटू द्यायची, आणि मृगाच्या पावसावर पेरायचं, ही चाल आपल्याकडे फार जुनी. तिच्यामागचं कारण १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च नावाच्या मृदाशास्त्रज्ञानं व्यवस्थित मांडलं. वाळून खडखडीत झालेल्या मातीवर पहिला पाऊस पडला की सूक्ष्मजीवांची झुंबड उडते आणि थोड्या दिवसांत बराच खनिज नायट्रोजन एकदम मोकळा होतो. माती जितकी जास्त काळ वाळलेली, तितका हा लोंढा मोठा. पेरणी लांबली की हे नायट्रेट पुढच्या पावसात खाली वाहून जातं आणि रोपाच्या वाट्याला येत नाही. मृगाची पेरणी साधली तर पीक हिरवंगार येतं, हा शेतकऱ्याचा अनुभव खराच होता. त्यात विजेच्या कडकडाटातून येणाऱ्या नायट्रोजनपेक्षा तापलेल्या ढेकळांचा वाटा कितीतरी मोठा.

निजामी राज्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जंगलं राखीव करण्याची मोहीम झाली. नकाशावर रेघ ओढली गेली. नांगराखाली असलेली जमीन रेघेबाहेर राहिली, आणि विसाव्याला बसलेल्या जमिनी बहुतेक ठिकाणी जंगलात गेल्या. गोंडाच्या हातात उरली तेवढीच जमीन, दरवर्षी पेरायची. दरम्यान पैनगंगेपलीकडून आणि मराठवाड्याच्या बाजूनं कुणबी आणि इतर शेतकरी काळी जमीन धरायला आले, कापूस घेऊन आले. जमिनीच्या हक्काचा हा प्रश्न पुढे किती धगधगत राहिला हे इचोड्याच्या शेजारच्या इंद्रवेल्लीनं २० एप्रिल १९८१ च्या, गोंडांवरच्या पोलीस गोळीबारात पाहिलं. या लेखापुरतं एवढं लक्षात घ्यायचं की आदिलाबादच्या हलक्या जमिनींचा नायट्रोजनचा साठा खताचं पहिलं पोतं येण्याच्या कितीतरी आधी आटायला लागला होता.

भारी जमिनीवर निराळी व्यवस्था होती. कापसाच्या काही तासांनंतर तुरीचं एक तास. हर्मान हेलरीगेल यानं हर्मान विलफार्थच्या साथीनं केलेल्या प्रयोगांतून १८८६ मध्ये जर्मनीत जाहीर केलं की कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन बांधतात, आणि दोन वर्षांनी हॉलंडच्या बायरिंकनं त्या गाठींतला जिवाणू वेगळा करून दाखवला. तुरीचं तास त्याच्याही शेकडो वर्षं आधीपासून चालत आलेलं. तूर आपला नायट्रोजन कापसाला उभ्या पिकात फारसा देत नाही, हे खरं. पण ती कापसाच्या ताटातलं ओढत नाही, आणि तिचा गळलेला पाला व खोल गेलेली मुळं पुढच्या वर्षीच्या पिकाच्या कामी येतात. हैदराबाद गावरानी म्हणून ओळखला जाणारा देशी कापूस या माफक मिळकतीवर भागवून घेत असे. त्याची भूकच लहान होती.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वेगळाच वाद रंगला होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगनं १८४० च्या दशकात सांगितलं की झाडाला नायट्रोजन मिळतो तो हवेतल्या अमोनियातून, आणि तेवढा पुरतो. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला लॉझ आणि गिल्बर्ट यांना हे पटलं नाही. त्यांनी १८४३ पासून शेतात तुकडे पाडून प्रयोग मांडले. पार्क ग्रास नावाच्या कुरणावर १८५६ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात त्यांनी एका तुकड्याला अमोनियमचे क्षार आणि दुसऱ्याला सोडियम नायट्रेट दिलं. गवत दोन्हीकडे वाढलं, पण तुकडे एकमेकांना ओळख दाखवेनासे झाले. अमोनियमच्या तुकड्यात माती आम्ल होत गेली, वनस्पतींच्या मोजक्याच जाती तग धरून राहिल्या, जमिनीवर न कुजलेल्या गवताचा थर साचला. नायट्रेटच्या तुकड्यात मुळं खोल गेली. १८७० च्या अवर्षणात तोच तुकडा जास्त टिकला. एकच मूलद्रव्य, दोन रूपं, आणि दोन वेगळी कुरणं. हे प्रयोग आजही चालू आहेत.

दोन रूपांतल्या या फरकाचं कारण साधं आहे. मुळानं अमोनियम आत घेतलं की बदल्यात ते आम्ल बाहेर टाकतं; नायट्रेट घेतलं की उलट घडतं, मुळाभोवतीची माती अल्कलीकडे झुकते. अमोनियम झाडाला लगेच वापरता येतं, पण ते साठवता येत नाही. जास्त झालं तर विषासारखं काम करतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश यांचं शोषण दाबतं. नायट्रेट झाड पेशीत साठवून ठेवू शकतं, मात्र वापरण्याआधी ते मोडून पुन्हा अमोनियम करावं लागतं, आणि त्याला ऊर्जा खर्ची पडते. चिखलात उभं राहणारं भात अमोनियमवर खूष असतं. कापूस मुख्यतः नायट्रेटवर वाढतो.

मातीत अमोनियमचं नायट्रेट कोण करतं, हे १८७७ मध्ये श्लोएसिंग आणि म्युन्त्स या फ्रेंचांनी उलगडलं. वाळूच्या नळीतून त्यांनी सांडपाणी झिरपू दिलं. काही दिवसांनी खालून नायट्रेट येऊ लागलं. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, आणि नायट्रेट बंद. म्हणजे हे काम जिवंत जीवांचं होतं. १८९० मध्ये विनोग्राड्स्कीनं ते जिवाणू वेगळे काढले. इचोड्याच्या काळ्या मातीत पावसाळ्याच्या उबेत हे जिवाणू इतके तत्पर असतात की अमोनियमचं कोणतंही खत टाका, दोनतीन आठवड्यांत बहुतेक सगळ्याचं नायट्रेट होऊन जातं. काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून धन भाराचं अमोनियम त्यांना चिकटून राहतं; नायट्रेटवरही ऋण भार, त्याला माती धरत नाही, ते पाण्यासोबत जातं. पाणी साचलं तर ते हवेत जातं, कारण गुदमरलेले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायुरूपानं सोडून देतात. म्हणून काळ्या जमिनीत प्रश्न ‘किती’ एवढाच कधीच नव्हता. कोणत्या रूपात, कधी आणि पाऊस केव्हा, हे तिन्ही एकत्र पाहावं लागतं.

हे सारं लक्षात घेऊन कापसाच्या काळ्या मातीवर मन लावून काम झालं ते इंदूरला. १९२४ मध्ये इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकरांच्या इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री उभारली. पैशाची मोठी मदत इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीची आणि मध्य भारतातल्या संस्थानांची. तिथे रसायनाची बाजू सांभाळत होते यशवंत द. वाड. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावानं शेतातल्या टाकाऊ मालापासून ह्युमस करण्याबद्दलचं पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झालं. पुढे जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून जी गाजली, तिच्यावर हॉवर्डांचं नाव राहिलं आणि वाड मागे पडले. मराठी वाचकांनी तरी ते नाव विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

इंदूरची मुख्य अडचण पऱ्हाटीचीच होती. वेचणी संपल्यावर उरलेल्या काड्या इतक्या लाकडी की त्या कुजता कुजत नाहीत. तशाच मातीत गाडल्या तर आणखी वाईट. त्यांच्यात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन नाममात्र. त्या कुजवण्यासाठी जिवाणू मातीतला होता नव्हता तो खनिज नायट्रोजन स्वतःच खाऊन टाकतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. इंदूरला यावर काढलेला तोडगा अगदी घरचा होता. काड्या संस्थेच्या रस्त्यांवर पसरायच्या. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्यांचा चुरा होई. तो चुरा गोठ्यात गुरांखाली अंथरायचा, म्हणजे त्यात मूत्र मुरतं. जनावराच्या शरीरातून जाणाऱ्या नायट्रोजनचा मोठा हिस्सा मूत्रात असतो, आणि आपल्या गोठ्यांत तोच आधी वाया जातो. मग शेण, राख, माती यांच्यासह खड्ड्यात थर लावायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी उलथायचं. साधारण तीन महिन्यांत खत तयार. सुरुवातीला कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण ३३ ला १ च्या आसपास ठेवलं की शेवटी ते १० ला १ पर्यंत उतरतं, आणि मग ते मातीकडून नायट्रोजन मागत नाही, देऊ लागतं.

या पद्धतीत कष्ट खूप, हे मान्यच करायला हवं. गुरं हवीत, माणसं हवीत, पाणी हवं. त्यातही विदर्भ-तेलंगणाच्या कापूसपट्ट्यात पऱ्हाटी चुलीत जात होती आणि शेणाच्या गोवऱ्या होत होत्या. डॉ. जॉन व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात ब्रिटिश सरकारला बजावलं होतं की हिंदुस्थानी शेतकरी शेण जाळतो तो अडाणी म्हणून नव्हे, सरपण मिळत नाही म्हणून. राखीव जंगलाच्या रेघेशी ही गोष्ट थेट जोडलेली आहे.

तिकडे कारखान्यांचं युग सुरू झालं होतं. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली जोडून अमोनिया करून दाखवला. १९१३ मध्ये ओप्पाऊला त्याचा कारखाना चालू झाला. आपल्याकडे म्हैसूर संस्थानात बेळगोळ्याला दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर लहान कारखाना निघाला, केरळात आलुव्याचा ‘फॅक्ट’ हा खतकारखाना १९४७ मध्ये सुरू झाला. खरी झेप सिंदरीची. ३१ ऑक्टोबर १९५१ ला उत्पादन सुरू झालं आणि मार्च १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी कारखाना देशाला अर्पण केला. सिंदरीचा माल अमोनियम सल्फेट, साखरेसारखे पांढरे खडे, त्यात २०.६ टक्के नायट्रोजन.

आज मागे वळून पाहिलं की वाटतं, काळ्या मातीसाठी हे खत वाईट नव्हतं. आपल्या मातीचा सामू साडेसात ते साडेआठ. अमोनियम सल्फेटचा आम्ल गुण रॉथॅमस्टेडच्या कुरणाला बाधला तसा इथे बाधला नसता, उलट उपयोगी पडला असता. शिवाय त्यात गंधक आहे, आणि कापसाला, सोयाबीनला गंधक लागतं. १९६१ मध्ये नांगलला कॅल्शियम अमोनियम नायट्रेट निघू लागलं, त्यात अर्धा नायट्रोजन नायट्रेट रूपात. मुंबईला तुर्भ्याच्या कारखान्यानं १९६५ पासून ‘सुफला’ बाजारात आणलं. त्या नायट्रोफॉस्फेटातही अमोनियम आणि नायट्रेट दोन्ही असतात. पंधरा-पंधरा-पंधराचं पोतं मराठी शेतकऱ्याच्या घराघरात पोचलं. कापसासारख्या पिकाला सुरुवातीलाच थोडं नायट्रेट हाताशी आणि थोडं अमोनियम पुढच्या आठवड्यांसाठी, ही रचना शास्त्राला धरून होती.

मग सगळी बाजी युरियानं का मारली? १०० किलो नायट्रोजन शेतात पोचवायचा तर अमोनियम सल्फेट ४८५ किलो वाहून न्यावं लागतं, युरिया फक्त २१७ किलो. रेल्वेवाघिणी, बैलगाडी, हमाली, गोदाम, सगळीकडे निम्म्याहून कमी ओझं. युरियाला गंधकाम्ल लागत नाही, जिप्सम लागत नाही. अमोनिया बनवताना जो कार्बन डायऑक्साइड सुटतो तोच अमोनियाशी जोडला की युरिया तयार. आणि तो अमोनियम नायट्रेटसारखा स्फोटक नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिंदरीतच युरिया बनू लागला, आणि पुढच्या वीस वर्षांत बाकीची नायट्रोजन खतं कडेला पडली. कारखानदाराच्या आणि अर्थखात्याच्या दृष्टीनं यात चूक काहीच नव्हती. देश उपाशी होता, धान्याची जहाजं अमेरिकेहून येत होती, आणि सर्वांत स्वस्त नायट्रोजन हवा होता. मात्र या हिशेबात कापसाचं मूळ आणि साडेआठ सामूची माती कुठेच नव्हती.

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले, इचोडा आंध्र प्रदेशात गेलं. सीमेच्या दोन्ही बाजूंना माती तीच, पऱ्हाटी तीच, सोयरिकीही त्याच. कृषी खातं, विद्यापीठ आणि शिफारशी मात्र दोन. १९७० मध्ये सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी काढलेला एच-४ हा संकरित कापूस आला आणि कापूसपट्ट्याची भूक बदलली. गावरानी पऱ्हाटी उकिरड्यातल्या शेणखतावर भागवत होती. संकरित पऱ्हाटीला त्यावर बोंडं धरता येईनात. युरियाचं पोतं इथपासून दरवर्षीचं झालं.

आणि ते पोतं जवळच बनू लागणार होतं. गोदावरीच्या काठी, दगडी कोळशाच्या खाणींच्या मुलखात, रामगुंडमला भारतीय खत निगमनं कोळशापासून अमोनिया करण्याचा कारखाना काढला. ओरिसातलं तालचेर हे त्याचं जुळं भावंड. पेट्रोलियम महागलं होतं, कोळसा पायाखाली होता. कल्पना देशाभिमानाची आणि धाडसाची होती. १ नोव्हेंबर १९८० ला व्यापारी उत्पादन सुरू झालं. रोज ९०० टन अमोनिया आणि १५०० टन युरियाची क्षमता. ती कधीच गाठता आली नाही. कोळशाची राख, यंत्रांचे बिघाड, विजेचा लपंडाव यांतच कारखाना दमला आणि ३१ मार्च १९९९ ला बंद पडला. कामगारांची वसाहत ओस पडत गेली. २०१५ मध्ये नवी कंपनी स्थापन झाली, यावेळी इंधन नैसर्गिक वायू, आणि २२ मार्च २०२१ पासून रामगुंडमचा युरिया पुन्हा निघू लागला, रोजची क्षमता ३८५० टन.

आता ते पोतं इचोड्याच्या शेतात काय करतं ते पाहू. ऑगस्टची सकाळ, रात्री पाऊस होऊन गेलेला, डवरणी दोन दिवसांपूर्वी झालेली. बाई किंवा गडी कमरेला ओटी बांधून तासातून चालतो आणि झाडाच्या बुडाशी मूठ सोडत जातो. पांढरे दाणे ओल्या काळ्या मातीवर पडतात आणि घटकाभरात विरघळतात. युरियाला भार नाही, माती त्याला धरत नाही; त्याच वेळी मोठा पाऊस आला तर तो पाण्याबरोबर वाहून जातो, झाडाच्या बुडाशी थांबतच नाही. पाऊस आला नाही तर मातीतलं युरिएज नावाचं विकर दोनचार दिवसांत त्याचा अमोनिया करतं. दाण्याभोवतीच्या मातीचा सामू त्या काळात नऊपर्यंत चढतो. आधीच अल्कलीकडची काळी माती, वर कडक ऊन आणि वारा. मग पृष्ठभागावरचा अमोनिया वायू होऊन उडून जातो. वाईट परिस्थितीत पोत्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त असा जातो. तोच दाणा दोन बोटं मातीआड गेला असता तर अमोनिया वर येता येता मातीनं अमोनियम करून धरून ठेवला असता. तासाच्या कडेनं टोचून देण्याची आणि वर डवरा फिरवण्याची पद्धत म्हणूनच मोलाची, पण मजुरी परवडत नाही म्हणून मुठीनं फेकलं जातं.

अनेक जण युरिया एकदम देतात, कारण पोतं मिळालं तेव्हाच द्यायचं असतं. झाड काळंभोर हिरवं होतं, लुसलुशीत होतं, आणि तुडतुडे व मावा त्याच्यावर तुटून पडतात. मग सप्टेंबरात झड लागते, शेतात पाणी उभं राहतं, उरलंसुरलं नायट्रेट हवेत जातं. बोंडं भरायच्या ऐन वेळी झाडाला नायट्रोजन कमी पडतो, मॅग्नेशियमही कमी पडतं, रात्री गार व्हायला लागतात, आणि पानं कडेनं लाल होत सगळं शेत लालसर दिसू लागतं. लाल्या म्हणतात तो हा. त्याला रोग समजून कीटकनाशक मारणारे शेतकरी आजही भेटतात, आणि दुकानातून ती बाटली देणारेही. खरं तर त्या वेळी मुळांकडून फार आशा नसते. पानांवरून दिलेला दोन टक्के युरिया, मॅग्नेशियम सल्फेट, किंवा बोंडं भरताना तेरा-शून्य-पंचेचाळीसची फवारणी उपयोगी पडते. तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. इतक्या वर्षांनी नायट्रेट कापसाकडे परत आलं ते असं, किलोच्या पुडीतून, फवारणीच्या पंपातून, युरियाच्या कितीतरी पट भावानं.

भावाचाच खेळ मोठा. १९७७ पासून सरकारनं कारखान्याला उत्पादनखर्च भरून द्यायचा आणि शेतकऱ्याला ठरलेल्या कमी भावात खत द्यायचं, ही व्यवस्था आणली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशवरचं नियंत्रण उठलं, त्यांचे भाव भडकले. युरिया मात्र नियंत्रणातच राहिला, स्वस्त राहिला. देशभरात नत्र, स्फुरद, पालाश यांचं वापराचं प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होतं, ते एकाच वर्षात ९.५ : ३.२ : १ झालं. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. जे स्वस्त, जे लगेच हिरवं दाखवतं, ते तो घेणारच. पण अमोनियम सल्फेट, सुफला, कॅल्शियम अमोनियम नायट्रेट यांच्यापैकी माझ्या मातीला काय बरं, हा विचार करण्याची सोय त्या भावांनी काढून घेतली.

एक चांगली सुधारणा झाली ती कडुनिंबाची. दिल्लीच्या पुसा संस्थेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला निंबोळी पेंडीत घोळलेल्या युरियावर काम झालं होतं. निंबोळीतली द्रव्यं अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना काही काळ थोपवतात, म्हणजे नायट्रोजन मातीला चिकटून राहणाऱ्या रूपात जास्त दिवस टिकतो. हे ज्ञान सगळ्या कारखान्यांत पोचायला चाळीस वर्षं लागली. २०१५ पासून देशात बनणारा सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊन निघतो. ५० किलोचं पोतं २०१८ पासून ४५ किलोचं झालं. लेपामुळे उडून जाणारा अमोनिया थांबत नाही, तो फक्त मातीआड देण्यानं थांबतो. तरी पावसाळी कापसासाठी रूपाचा थोडा तरी विचार युरियाच्या पोत्यात शिरला, तो इथे पहिल्यांदा.

इचोडा मंडलातच मुखरा (के) नावाचं छोटं गाव आहे. २०१९ नंतरच्या काळात, मीनाक्षी गाडगे सरपंच असताना, या गावानं घरोघरचा ओला-सुका कचरा वेगळा करून गांडूळखत बनवायला सुरुवात केली, ते विकलं, आणि त्या पैशातून गावासाठी सौर ऊर्जेचे संच बसवले. तेलंगणाभर गावाचं नाव झालं. या खतात साधारण दीड टक्का नायट्रोजन धरला तर युरियाच्या एका पोत्याइतका, म्हणजे वीसएक किलो नायट्रोजन मिळवायला जवळजवळ चौदा क्विंटल गांडूळखत लागेल. चौदा क्विंटल खताची बंडी भरणं, नेणं, पसरणं हे काम केवढं, ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून संपूर्ण कापूस गांडूळखतावर काढा असं कुणी म्हटलं तर मी मान डोलावणार नाही. पण या चौदा क्विंटलातला नायट्रोजन सेंद्रिय आहे. तो जुलैच्या एका धो-धो पावसात वाहून जात नाही, उन्हात उडत नाही, आणि सप्टेंबरात युरिया संपलेला असताना थोडा थोडा सुटत राहतो, नेमका बोंडं भरायच्या दिवसांत.

तेलंगणाच्या कृषी विद्यापीठाची शिफारस संकरित कापसाला एकरी ४८ किलो नत्राची आहे, पेरणीनंतर २०, ४०, ६० आणि ८० व्या दिवशी विभागून. म्हणजे युरियाची सव्वादोन ते अडीच पोती, चार हप्त्यांत, दरवेळी वाफसा बघून आणि मातीआड. त्यातला एखादा हप्ता वैशाखात टाकलेल्या खताच्या बंडीनं भागवता येतो. इचोड्याकडचे काही शेतकरी आता उकिरडा खड्ड्यात भरू लागले आहेत, तुरीचं तास पुन्हा धरू लागले आहेत, आणि पऱ्हाटी जाळण्याऐवजी यंत्रानं बारीक करून जमिनीत घालू लागले आहेत. ती कुटी ओली करून, वर शेण टाकून, निदान उन्हाळाभर कुजू द्यायला हवी, नाहीतर जूनमध्ये रोपं पिवळी दिसतील. इंदूरला गाड्यांच्या चाकांनी होत असलेलं काम आता ट्रॅक्टर करतो. पुढची तीन महिन्यांची कुजवणी तेवढी त्याला करता येत नाही.